टिपरू गिरणीत अडकलंय

१४ मे, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझे गुडघे आणि भाऊजींचा राग, दोन्ही कसे आहेत ते कळव. आमच्या बकरीला दोन करडं झाली. छपराची डागडुजी उरकली. पेरणीआधीचा सणही नेहमीसारखा पार पडला. म्हणजे जवळजवळ नेहमीसारखा.

शहरात राहून तुला इतकी वर्षं झाली, म्हणून आपल्या रीतीची आठवण करून देतो. रागावू नकोस. बायका कमरेत हात गुंफून रिंगण धरतात, मधोमध ढोलकरी, म्हणजे मी. रिंगणात एका जागी हात सोडून फट ठेवलेली असते. ढोल थांबला की रिंगण थांबतं आणि ढोलकऱ्यासमोर जी उभी असेल तिला त्याने मागणी घातली असं धरतात. ज्याला मागणी घालायची नसते, तो फट समोर आली की थांबतो. मी हयातभर त्या फटीसमोरच थांबत आलो. तरुणपणी एकदाच थांबलो नाही आणि तुझी मैत्रीण तुझी वहिनी झाली.

यंदा ढोलाचा पट्टा सुटला. तो सावरायला मी थांबलो, तोवर फट पुढे निघून गेली होती. समोर गिरणीवाली.

होय, तीच. तुझ्या पिठात खडे निघाले म्हणून तू जिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होतास, ती.

सगळं रिंगण माना वळवून बघायला लागलं. आपल्या नाचाचं चित्रीकरण करायला शहरातून एक साहेब आले होते, ते तेवढे म्हणाले, "कॅमेरा बंद होता हो, पुन्हा एकदा थांबता का?"

पट्ट्याचं मी सांगणारच होतो. पण गिरणीवाली तरातरा पुढे आली आणि माझ्या हातातलं ढोल वाजवायचं टिपरू काढून घेतलं. टिपरू घेतलं म्हणजे होकार, एवढं तरी तुला आठवत असेल. वर म्हणते कशी, "मला वाटलं, याला अजून एक जन्म लागतोय!" सगळं आयुष्य गिरणीच्या घरघरीत गेल्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. पलीकडच्या वस्तीवरून मला अभिनंदनाचे निरोप आले.

आता पंचाईत अशी की टिपरू तिच्याकडे असेपर्यंत मला ढोलाला हात लावता येत नाही, आणि ढोलाशिवाय इथे लग्नं लागत नाहीत. बिचारे नवरदेव ताटकळलेत. एकाचा बाप तर मला रस्त्यात अडवून म्हणाला, "बाबा रे, तुझं एकदाचं लाव, म्हणजे आमच्या पोराचं लागेल."

टिपरू सोडवायला थोरल्या बहिणीनेच जायचं असतं. तिने त्या बाईच्या दारात उभं राहून भावाचे सगळे अवगुण गाण्यातून सांगायचे. ते ऐकूनही बाईने टिपरू दिलं तर लग्न ठरलं. बहिणीने न गाता मुकाट मागितलं, तर गोष्ट मिटली, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मला थोरली बहीण तू एकटीच. तेव्हा ये. गायचं की मुकाट मागायचं ते तू ठरव, मी मध्ये पडत नाही.

परवा लेक आली होती. तिला पट्ट्याचं सांगितलं.

"पट्टा सुटला, तर ढोल पडला कसा नाही, बाबा?"

"पकडला मी."

"कोणत्या हाताने? एका हातात टिपरू होतं, दुसऱ्याने थाप मारत होतात."

वकील व्हायची ही, मी उगाच शिवण शिकवलं. पुढे म्हणाली, "आणि एकट्या माणसाला दिवसाआड दळण कशाला लागतं? डबे भरले, आता उशाशी पीठ ठेवून झोपताय."

ताई, पट्टा सुटला नव्हता. फट समोरून गेली, मी ती जाऊ दिली, आणि थांबायचं होतं तिथेच थांबलो. तुझी वहिनी गेल्यापासून हे घर फार गप्प झालंय गं. गावभर ढोल वाजवून येतो आणि घरी भिंतीशी बोलतो. गिरणीवर गेलो की ती ओरडून विचारते, "जेवलात का?" आणि मी उपाशी आहे हे सगळ्या गावाला कळतं. मला ते आवडतं. तुला ती आवडत नाही, म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता.

तिचा निरोपही कळवतो, माझी जबाबदारी नाही: "खडे त्यांच्याच धान्यात होते म्हणावं. पण गातात चांगल्या, तेव्हा या."

तर ये, आणि मुकाट उभी राहू नकोस. माझं घोरणं घाल, विसरभोळेपणा घाल, भाऊजींची छत्री हरवली तेही घाल. कमी पडलं तर मनचं रचून घाल, मी नाही म्हणणार नाही. गाता गाता वहिनी आठवेल, रडू येईल तुला. दाराबाहेर मीही रडत असेन. पण थांबू नकोस, ताई. रडत रडत गा.

तुझ्या शिव्यांना आसुसलेला,
धाकटा