करकऱ्याची मूळ नोंद

१२ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प, उशिरा पण पक्का: करकऱ्याची नोंद डेटाबेसमधून काढून टाकणे. आजच.

डोक्यात गोंधळ नको म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो. आमचा पक्ष्यांच्या आवाजांचा डेटाबेस नवीन होता, तेव्हाची गोष्ट. अपलोडचं बटण चालतं का, हे बघायला एखादा आवाज हवा होता. रविवार होता, तलावावर जायचा कंटाळा आला. तेवढ्यात बायकोने बाथरूमचं दार उघडलं, बिजागरी करकरली, मी ती रेकॉर्ड केली. फॉर्म भरला. पक्षी: अनोळखी. ठिकाण: तलाव. सोमवारी डिलीट करणार होतो. सोमवारी राहून गेलं. पुढे कुणीतरी त्या आवाजाला करकऱ्या असं नाव ठेवलं, त्याला मी काय करणार?

यात फसवणूक नाही. हे टेस्टिंग होतं.

संध्याकाळी: आज मीटिंग लांबली. उद्या.

१५ जानेवारी, गुरुवार
सर्व्हरवाल्याकडे गेलो. म्हटलं, एक जुनी नोंद काढायची आहे, कुणाची ते विचारू नकोस. तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला, सर, इथून काही जात नाही. रोज सगळ्याची कॉपी चार देशांत जाते, तिथून आणखी कुठेकुठे. इथली पुसली की ती तिकडून परत येते. शास्त्राचा ठेवा हरवू नये म्हणून तशी सोयच केली आहे. असली सोय कुठल्या शहाण्याने केली, असं मी जरा चिडूनच विचारलं. म्हणाला, तुम्हीच, सर. कमिटीवर होता ना?

होतो. दूरदृष्टी कधीकधी अंगाशी येते.

२३ जानेवारी, शुक्रवार
क्वालिटी चेकिंगचा दिवस. लोकांची रेकॉर्डिंग ढिगाने परत पाठवली. एकाने वेळ लिहिली नव्हती. एका मास्तरांनी ठिकाण 'आमच्या शाळेमागे' असं लिहिलं होतं. शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही? मास्तरांना चांगलं खरमरीत लिहिलं, की चुकीची एक नोंद शंभर माणसांना खड्ड्यात घालते.

पाठवताना पोटात ढवळलं. पित्त असावं.

२ फेब्रुवारी, सोमवार
आज दुर्बीणबाई आली. (नाव सांगितलं होतं, पण गळ्यातली दुर्बीणच तेवढी लक्षात राहिली.) तरुण संशोधक, वर्षभराची फेलोशिप घेऊन खास आमच्याकडे आलेली. विषय: करकऱ्या. आवाज सगळ्या जगाकडे आहे, पक्षी अजून कुणी पाहिलेला नाही. तिला तो पाहायचाय. मूळ नोंदीवर माझं नाव, म्हणून आधी मला भेटायला आली. लहान मुलीला आईकडे ठेवून आली आहे. मुलगी फोनवर रोज विचारते म्हणे, मिळाला का?

मी लगेच खरं सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. राँग नंबर होता, पण माणूस बोलका निघाला. फोन ठेवेपर्यंत ती गेली होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आवाजावरून पक्षी ओळखणारं एक अ‍ॅप निघालंय. ते आमच्याच डेटाबेसवरून शिकलंय, हे आज कळलं. म्हणजे माझ्या बिजागरीवरूनही शिकलं. आता जगभर ज्याचं दार करकरतं, त्याच्या फोनवर करकऱ्या उगवतो, आणि ती नोंद आपोआप आमच्याकडे जमा होते. शाळांमधून आल्यात, वसतिगृहांमधून आल्यात, एक तर दातांच्या दवाखान्यातून. त्यावर शोधनिबंधही निघाला. त्यात लिहिलंय, हा पक्षी माणसाला मुळीच बुजत नाही, घराच्या अगदी आतपर्यंत येतो, आणि पहाटे उठल्याउठल्या सर्वांत सक्रिय असतो.

वाचून पाचावर धारण बसली.

सर्वांत जास्त नोंदी आमच्या घरातून आहेत. बायकोने ते अ‍ॅप घेतलंय. फोन ओट्यावर पडलेला, अ‍ॅप चालू. आपल्याकडे रोज दुर्मीळ पाखरू येतं, असं ती शेजारणीला सांगत होती.

एक मात्र खरं. इतकी माणसं, इतके देश, सगळेच कसे चुकतील? असेलही पक्षी. आहेच, असं धरून चालायला हरकत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
बायको पुन्हा बिजागरीवर आली. लग्न झाल्यापासून सांगतेय, तेल घाला. आज स्वतःच बाटली घेऊन निघाली. मी आडवा गेलो. म्हटलं, मूळ स्रोत जसाच्या तसा जपणं ही शास्त्रातली पहिली जबाबदारी आहे. तिने विचारलं, बाथरूमचं दार शास्त्रात कधीपासून गेलं? मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

दिवसातून कितीदा ते दार उघडतं, हे याआधी कधी ध्यानात आलं नव्हतं. दर वेळी कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं वाटतं.

३ मार्च, मंगळवार
तलावावर गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून. दुर्बीणबाई काठावर बसली होती. उन्हाने रापलीय. वारा लागू नये म्हणून माइकला स्वतःचा स्कार्फ गुंडाळलेला, आणि स्वतः खोकत होती. मला बघून खूप खूश झाली. म्हणाली, लेक आता 'मिळाला का' असं विचारत नाही. काल म्हणाली, आई, त्याला सांग ना लवकर सापडायला.

लाज वाटली. अगदी खरी लाज. पित्त नव्हे.

मी म्हटलं, मला तुमच्याशी एक बोलायचंय. ती म्हणाली, मलाही. सगळ्यात जास्त नोंदी तुमच्या घराकडून येताहेत, एकदा येऊन ऐकू का? मी म्हटलं, जरूर, शनिवारी चहाला या. तेच बरं. अशा गोष्टी घरच्या वातावरणात नीट सांगता येतात.

६ मार्च, शुक्रवार
ऑफिसात अचानक डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उद्या ती घरी येणार. हात धुवायला जाणार. दार उघडणार!

अर्धी सुट्टी टाकून घरी आलो. बिजागरीला तेल घातलं, पुसलं, पुन्हा घातलं. वरची, मधली, खालची, एकही सोडली नाही. दाराला जणू आवाज कधी नव्हताच. बायकोने दार दहादा उघडून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तुम्हाला माझं म्हणणं कधीतरी ऐकू येईल, अशी आशाच सोडली होती मी.

मी किती हलकट माणूस आहे, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

७ मार्च, शनिवार
ती आली. गच्चीत माइक लावला. हात धुवायला गेली, दार उघडलं, मिटलं. चूं नाही. वाचलो.

मग चहा घेताना तिने फोनवर लेकीने काढलेलं चित्र दाखवलं. करकऱ्या. त्याला चार पाय होते आणि शेजारी आई उभी होती.

माझा बांधच फुटला. सगळं सांगितलं. बटण, रविवार, कंटाळा, बिजागरी, सगळं. ती आधी हसली. मी तिला ओढतच बाथरूमपाशी नेलं. दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. बायको मागून कौतुकाने म्हणाली, बघा, आवाज म्हणून येत नाही.

दुर्बीणबाई हसायची थांबली. म्हणाली, सर, मला इकडे येण्याआधीच लोकांनी सांगितलं होतं, की मोठी माणसं नवख्यांना पुढे जाऊ देत नाहीत. पण तुम्ही तसे असाल असं वाटलं नव्हतं. निदान बहाणा तरी बरा शोधायचा. कप अर्धाच ठेवून गेली.

८ मार्च, रविवार
बिजागरी साबणाने धुतली. गरम पाण्याने धुतली. मीठ चोळलं. आवाज नाही. आयुष्यात एकच काम मन लावून केलं, तेही हे. बायकोने मला बाथरूमच्या फरशीवर बसलेला पाहिलं आणि दुधाचा पेला आणून दिला.

१६ मार्च, सोमवार
आता माघार नाही. डेटाबेसच्या कमिटीला रीतसर लेखी कबुली पाठवली: मूळ नोंद दाराची आहे, रद्द करावी.

उत्तर तासाभरात आलं. नियमानुसार नोंद करणाऱ्याच्या नुसत्या आठवणीवर नोंद रद्द होत नाही, पुरावा लागतो. (नियम माझाच आहे. खरं तर उत्तम नियम आहे.) शिवाय जगभरच्या स्वतंत्र नोंदी त्या पक्ष्याच्या बाजूने आहेत. तरीही दाराचा आवाज तसाच असेल, तर अनेक पक्षी नकला करतात, तसा करकऱ्याही दारांची नक्कल करत असावा. ही मोलाची माहिती दिल्याबद्दल कमिटी आभारी आहे. माझी कबुली मूळ नोंदीला जोडून कायमची जतन केली जाईल.

मास्तरांची 'आमच्या शाळेमागे' नोंद शोधून पास केली. तेवढंच.

३ एप्रिल, शुक्रवार
करकऱ्याच्या पानावर नवी ओळ आली आहे. सर्वाधिक नोंदींच्या ठिकाणी सहा मार्चनंतर एकदाही ऐकलेला नाही. बहुधा तिथून नामशेष.

खाली दुसरी बातमी. नामशेष होण्याचं कारण शोधायला दुर्बीणबाईची फेलोशिप वाढवून मिळाली. तिची मेलही आली. त्या दिवशी उगाच तोडून बोलले, राग धरू नका. लेकीला आता इकडेच आणलंय, शाळाही बदलली. आणि शेवटी विचारलंय, मार्चच्या सुरुवातीला तुमच्या परिसरात नेमकं काय बदललं, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

खरंच, दुसरं कोण सांगणार!

५ एप्रिल, रविवार
सकाळीच तलावावर गेलो. खिशात तेलाची रिकामी बाटली, पुरावा म्हणून. मनात वाक्यं तयार होती. या वेळी पहिल्यापासून, शांतपणे, तिला पटेपर्यंत सांगायचं.

दोघी काठावर बसल्या होत्या. लेकीच्या कानांवर आईचे मोठे हेडफोन, डोळे गच्च मिटलेले. मी शेजारी बसलो. बाटली बाहेर काढली. म्हटलं, हे बघा...

लेकीने डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं. आईने माइककडे खूण केली. रेकॉर्डिंग चालू होतं.

गप्प बसलो.