नावांना लावलेलं कुलूप

प्रिय कलूबा,

तुझ्याकडून, म्पिकाहून परत आले त्याला आज तेवीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत दोनदा तुला फोन केला आणि दोन्ही वेळा जेवलीस का, झोप लागते का, एवढंच विचारून ठेवून दिला. जे सांगायचंय ते फोनवर सांगता येत नाही. तू मध्येच मला समजावायला लागशील आणि मी तेवढंच निमित्त करून गप्प बसेन. म्हणून कागद घेतला. एकटी असशील तेव्हा वाच.

घरी तसं ठीक आहे. आईचे गुडघे धरलेत, तरी तुझा मास्टरसारखा भाऊ गेल्यापासून ती रोज सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना म्हणते आणि मग माझ्यावर घसरते, त्या पोरीला एकटीला टाकून आलीसच कशी म्हणून. वीज दिवसातले दहा-दहा तास नसते. कोळशाच्या शेगडीवर मक्याच्या पिठाचा न्शिमा घाटता घाटता दंड भरून येतात. कामावर जाते. जाते म्हणजे पाय नेतात. खरं सांगायचं तर मला त्या ऑफिसची शिसारी आली आहे. ही बोलायची रीत म्हणून म्हणत नाही. जिना चढताना तोंडात खरोखर आंबट पाणी येतं. परवा पहिल्या मजल्यावरच्या मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि वर जाऊन मथळे लिहायला बसले.

तू पाहिलेला ‘कफूबू मेल’ वेगळा होता. तू शिक्षिकेच्या परीक्षेला न्डोलाला आलीस तेव्हा तुला छापखान्यात नेलं होतं, तुझ्या पांढऱ्या झग्याला शाई लागली आणि आपण दोघी रॉकेलनं तो डाग घासत बसलो होतो. त्या दिवसांत चिफुबूच्या बाजारात बा कपेंब्वा म्हणून एक निवृत्त खाणकामगार रोज एक अंक विकत घ्यायचे आणि सुक्या मासळीच्या पाट्यांमागे बसून मोठ्यानं वाचायचे. भाजीवाल्या, चांभार, सायकली दुरुस्त करणारे, सगळे कान तिकडे. एका अंकावर अख्खा बाजार शहाणा व्हायचा. आम्हाला ते माहीत होतं आणि कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. आमचे म्हातारे मालक तर म्हणायचे, हा माणूस पगार न घेता माझं काम करतो.

पेपर नेटवर गेला याचं मला वाईट वाटलं नव्हतं गं. छापील अंकांचे गठ्ठे तसेच्या तसे परत यायला लागले होते. वाचकानं बातमीचे पैसे मोजावेत, हेही मला पटलं होतं. फुकटात मिळणाऱ्या बातमीची किंमत कुणीतरी मंत्री नाहीतर खाणवाला मोजत असतो, हे बावीस वर्षं उपसंपादकाच्या खुर्चीत बसून मला पुरतं कळलंय. पण मालकांच्या मुलानं साइट चालवायला लुसाकाहून सिचाल्वे म्हणून एक जण आणला. वय बत्तीस. अतिशय सभ्य. मी खोलीत आले की उठून उभा राहतो, आदरानं ‘बा बुपे’ म्हणतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्याचा नीट तिरस्कारही करता येत नाही, ही आणखी एक पीडा.

त्यानं भिंतीवर एक मोठा पडदा लावला. या क्षणी कोण काय वाचतंय, कुठल्या ओळीवर कंटाळून निघून गेलं, सगळं त्यावर दिसतं. मला त्यानं मथळे नव्यानं शिकवले. “मथळ्यातच सगळं सांगून टाकलं, तर आत कोण येणार, बा बुपे?” पाणी आता सकाळी चारला सुटणार, एवढीच बातमी असली तरी आम्ही लिहायचं, ‘उद्यापासून तुमच्या नळाचं काय होणार?’ आयुष्यभर सांगायचं काम केलं, आता लपवायचं करते. आत गेल्यावर दोन परिच्छेद उघडे, खाली कुलूप, आणि एक दिवसाचा पास घ्यायला बटण. कुलूप कशाला लावायचं ते पडदा ठरवतो. फुटबॉलवाल्याची भानगड फुकट, गायिकेचा घटस्फोट फुकट, कारण ती नुसती घोळक्यानं बघायची गोष्ट. शाळेचे निकाल, औषधं कुठल्या दवाखान्यात आलीत, कुठल्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी पिऊ नये, हे सगळं कुलपात. सिचाल्वेनं एकदा हे अगदी डॉक्टरच्या सुरात समजावलं होतं, की जिथं दुखतं तिथंच माणूस पैसे देतो. बा कपेंब्वा आता बाजारात नुसते बसलेले असतात. पास एका फोनला एक, आणि त्यांच्याकडे नेटचा फोन नाही. मोठ्यानं वाचायला त्यांच्याकडे काही नाही.

तो गुरुवार तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. आमच्या बाजूनं कसा गेला ते ऐक. मास्टरची बस सेरेंजेच्या पुढं सकाळी साडेसातला उलटली. आमचा बातमीदार योगायोगानं तिथून जवळच होता, तो तडक रुग्णालयात गेला आणि खाटेखाटेशी जाऊन नावं टिपून घेतली. दहा वाजता त्यानं ती फोनवर सांगितली. नऊ मृत, एकतीस जखमी. देशात दुसऱ्या कुणाकडे ती यादी नव्हती. रेडिओवाल्यांनीसुद्धा सांगून टाकलं, नावं ‘कफूबू मेल’वर पाहा. पडद्यावरचा आकडा उतू जाणाऱ्या दुधासारखा वर यायला लागला, खुर्च्या सोडून सगळे त्याच्यासमोर उभे. निदान नावं तरी उघडी ठेवू या, असं एक वाक्य त्या खोलीत बोललं गेलं. सिचाल्वे शांतपणे म्हणाला, “आज माणसं आपण होऊन दाराशी आली आहेत. आज लावायचं नसेल, तर दार बसवलं कशाला?” वीस मिनिटांनी यादीवर कुलूप होतं आणि वर मथळा होता, ‘तुमचं माणूस या बसमध्ये होतं का?’

मग फोन सुरू झाले. खाली फोनच्या टेबलाशी बाना म्वेन्या बसतात, साठीच्या आहेत, म्हाताऱ्या मालकांच्या वेळच्या. त्यांना वरून निरोप गेला की नावं फोनवर वाचायची नाहीत, साइटवर आहेत म्हणून सांगायचं. त्या बाईनं पासवाल्या एका पोरीकडून यादी कागदावर उतरवून घेतली, टेबलाआड मांडीवर धरली आणि तोंडाशी हात घेऊन ज्यानं विचारलं त्याला हळू आवाजात सांगत राहिली. “नाही बाळा, तुझ्या आईचं नाव नाही यात. तू रडू नकोस. तुझ्या मामाचं? थांब हं.” दुपारी कुणीतरी चुगली केली आणि त्यांच्याकडून फोन काढून घेतला. त्या उठून गेल्या नाहीत. रिकाम्या टेबलाशी तशाच बसून राहिल्या, संध्याकाळपर्यंत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

आणि चार वाजता केक आला. एका दिवसात एवढे पास पूर्वी कधी गेले नव्हते. निळ्या साखरेनं आकडा लिहिलेला होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि एकमेकांचे फोटो काढत होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ना, ते मी या डोळ्यांनी कागदी बशीत वाढलेलं पाहिलं. मीही खाल्लं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. पण एवढं तरी माहीत होतंच, की एकतीस माणसं खाटांवर पडली आहेत आणि त्यांची घरं कुलपाबाहेर उभी आहेत.

तुझी बाजू तू मला अंत्यविधीच्या दिवशी सांगितलीस. वर्गातून मुलांना बाहेर सोडून तू फोन घेऊन बसलीस. दोनदा पैसे कापले गेले, दोन्ही वेळा कुलूप उघडलं नाही. तिसऱ्यांदा फोनच्या खात्यात काही उरलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपरीत पैसे भरायला गेलीस तर तिथं नेटवर्क नव्हतं. आमच्या ऑफिसचा फोन लागत नव्हता. शेवटी अडीच वाजता मिशनमधल्या सिस्टर फिलोमिनांनी त्यांच्या फोनवर यादी उघडून दिली, तेव्हा तुला कळलं की तुझा भाऊ जिवंत आहे आणि सेरेंजेला आहे. मक्याच्या ट्रकमध्ये बसून तू साडेसहाला पोचलीस. मास्टर पाच वाजून दहा मिनिटांनी गेला होता. नर्स म्हणाली, तो शेवटपर्यंत शुद्धीवर होता. दोनदा विचारलं त्यानं, माझी बहीण निघाली का. हे तू मला चटईवर बसून सांगत होतीस, बाहेर त्याच्या चर्चमधली मंडळी त्यानंच बसवलेली गाणी म्हणत होती, आणि तू माझा हात घट्ट धरून म्हणालीस, “ज्यानं नावांना कुलूप लावलं, त्याच्या घशाखाली घास उतरू नये.” तुझ्या आत्या ‘आमेन’ म्हणाल्या. कलूबा, मीही म्हणाले.

नंतर तुमच्या चर्चच्या समितीनं आमच्या ऑफिसला तक्रारीचं पत्र पाठवलं. त्याचं उत्तर तुम्हाला गेलं, जाड कागदावर, वर आमचं बोधचिन्ह: तांत्रिक बिघाडामुळे यादी काही काळ बंद राहिली, आम्ही दिलगीर आहोत, आपल्या दुःखात सहभागी आहोत. समितीनं ते मान्य केलं. आणि परवा तुझा निरोप आला. “यंत्रच बिघडलं होतं म्हणे, बुपे. मी उगाच माणसाला शाप दिला. फादरकडे जाऊन कबूल करून आले.” तो निरोप मी जिन्यात वाचला. त्याच दिवशी मोरीत गेले, वर सांगितलं ते.

यंत्र बिघडलं नव्हतं. नावं उघडी ठेवू या, हे वाक्य मीच बोलले होते, आणि सिचाल्वेचं उत्तर ऐकून मीच मान खाली घालून कुलूप लावलं, या बोटानं. मथळा माझा. तो लिहून झाल्यावर चांगला जमला असं मला वाटलं होतं, हेही तुला कळू दे. यादी माझ्याच हातून गेली. जखमींमध्ये सतराव्या ओळीवर ‘इग्नेशिअस किबाले’ असं आलं होतं. मी ‘कि’ खोडून ‘चि’ केलं आणि अठराव्या ओळीवर गेले. पस्तीस वर्षं आपण सगळे त्याला मास्टर म्हणत आलो, त्याचं कागदावरचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला दिसली ती फक्त चूक. दिसला असता तर दहा मिनिटांत तुला कळलं असतं, साडेतीनपर्यंत तू त्याच्याजवळ असतीस. दिलगिरीच्या पत्रावर सही सिचाल्वेची आहे, शब्द माझे आहेत, ‘तांत्रिक बिघाड’ हासुद्धा माझाच. हे पत्र फादरना दाखव, समितीला दाखव, वकिलाकडे जायचं असेल तर त्याला दे. याची दुसरी प्रत आज मी सिचाल्वेच्या टेबलावर ठेवणार आहे, पुढं काय व्हायचं ते होईल. माफी मागत नाही, ती मागायची जागा मी चटईवर ‘आमेन’ म्हणून घालवली. फक्त फादरकडे जाऊन जे मागं घेतलंस, ते तसं मागं घेऊ नकोस. तू शाप माणसालाच दिला होतास, आणि ते माणूस तुझा हात धरून बसलं होतं.

तुझीच म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

बुपे कसोंदे
उपसंपादक, ‘कफूबू मेल’, न्डोला