दादाची चौकट

मंगळवार, संध्याकाळ. शहापूर.

दादाच्या तेरवीचं कार्ड आज मलाच टाईप करावं लागलं. दुकान आम्हा दोघांचं, मग दुसरं कोण करणार? लोकांची अशी कार्डं रोजच करते. पण 'कै.' लावून त्याचं नाव लिहिताना बोटं अडली.

छपाईसाठी आम्ही जुन्याच फॉन्टमध्ये टाईप करतो. तो मजकूर मोबाईलवर पाठवला की नुसती खिचडी दिसते. म्हणून दादानं एक छोटा प्रोग्राम बनवला होता. बटण दाबलं की मजकूर युनिकोडमध्ये बदलून आपोआप कॉपी होतो आणि पडद्यावर चौकट येते: "झालं पाय बाई, आता चिपकव." म्हणजे झालं बघ, आता पेस्ट कर. कंटाळा यायचा त्या चौकटीचा. काढून टाक म्हणून किती भांडले मी त्याच्याशी!

आज बटण दाबलं. चौकट आली. मजकूर त्याच्याच तेरवीचा, आणि हा म्हणतो, झालं पाय.

वहिनी मागं उभी होती. "काहून थांबली वो? ग्रुपवर टाकून दे, लोकं विचारून राहिले." मग तिनं चौकट वाचली. "हे यायनं लिवलं?"

"हो, दादानंच," म्हणत मी चौकट बंद केली.

ती खुर्ची ओढून बसली. "अजून एकदा दाब न."

दाबलं. आली. बंद केली. "अजून एकदा."

किती वेळ चाललं कोण जाणे. शटर ओढताना लक्षात आलं, मजकूर नुसता कॉपीच होत राहिला. चिपकवला कुठंच नाही.