टेकाडाच्या पोटातलं घर

११ मार्च

आज कुदळ घातली! माळाच्या उताराला, बाभळीच्या खाली. वरची वीतभर माती निघाली आणि लगेच मुरूम लागला — पिवळा, घट्ट. शेजारच्या रानातले सटवाजीभाऊ खणायला आलेत. ते म्हणाले, "ह्यो फुगत बी न्हाई, खचत बी न्हाई. खणा बिनघोर." खालच्या काळ्या रानात घर खणलं असतं तर पावसाळ्यात फुगलेल्या मातीनं चिरडून टाकलं असतं. हा माळ भावकीत कुणालाच नको होता, म्हणून आमच्या वाट्याला आला. आता कामाला आला.

केवळाबाई, म्हणजे सटवाजीभाऊंची बायको, बांधावरूनच ओरडली, "अगं बाई, जितेपणीच गाडून घेती का काय?"

मी म्हणाले, "हाव! तू मूठभर माती टाकायला ये." हसून हसून बांधावरच बसली.

१४ मार्च

नांदेडहून आनंदराजचा फोन. कुणीतरी कळवलेलंच. "आई, लोक चौथ्या मजल्यावर चाललेत आणि तू जमिनीखाली?" मग — "भूकंप झाला तर?" मी म्हणाले, तिन्ही बाजूंना न कापलेलं टेकाड आहे बाबा, रचलेले दगड नाहीत.

शेवटी म्हणाला, "पोळ्यानंतर येऊन बघतो. भिंतीला तळहाताएवढी जरी ओल दिसली तर सामान बांधायचं. नांदेडला यायचं, कायमचं." मी हो म्हणाले. शब्द दिला.

त्याचंही चुकत नाही. पण नांदेडच्या त्या खोलीत मी पाहुण्यासारखी बसते. चहाचा कप कुठं ठेवायचा तेही विचारते.

२९ मार्च

आज खोली दिसायला लागली. आत उभं राहता येतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दगडाच्या भिंतींची सगळ्यांना धास्ती बसली. गावात पत्रे आले. आम्हीही घातले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याच पत्र्याखाली आनंदराजचे बाबा गेले. वीज नव्हती. मी पंचा ओला करून आणला तोवर बोलणं बंद. ऊन रानात लागतं अशी आमची समजूत. घरात लागतं हे कुणाला ठाऊक!

मग विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचत सुटले. (वाचायला मी आनंदराजच्या पहिलीच्या पुस्तकावर शिकले. तो पुढे गेला, मी मागून.) एकात होतं, वाळवंटातली माणसं जमिनीत खोल्या खणून राहतात. मला माहेरचं पेव आठवलं — अंगणातला ज्वारी साठवायचा खोल खड्डा. चैत्र-वैशाखातही आतली ज्वारी हाताला गार लागायची. ज्वारीला जे सुख, ते माणसाला का नको?

१७ एप्रिल

पाठ धरलीय. आज लिहीत नाही.

६ मे

छत झालं! बाभळीच्या तुळया, त्यावर जुनी शहाबादी फरशी, प्लास्टिकचा कागद आणि वर पांढरी माती — गावात माळवदावर टाकतात तशीच. केवळाबाईनं लुगडं खोचून पायांनी तुडवली. तिला म्हणाले, "गाडायला आलीस ना अखेर?" — "तोंड मिट, न्हाईतर आत ढकलीन!"

समोर दार, वर एक झरोका. नवं विकत असं फार काही आणलं नाही.

जुने पत्रे भंगारवाला घेऊन गेला. टेम्पोत टाकताना लई वाजले. मी पाठ फिरवून उभी राहिले.

२० मे

बाहेर जाळ. आत गार!! केवळाबाई भर दुपारी "सहज" आली. भिंतीला गाल लावून उभी राहिली. मग लवंडली. मग घोरली. उठल्यावर म्हणते, "काय खास न्हाई. पण उद्या माझी उशी आणून ठिवते."

हे असते तर झरोक्याखालची जागा त्यांनीच धरली असती. मी तिथं बाज टाकली नाही.

१८ ऑगस्ट

दोन दिवस धो धो. छतातून थेंब नाही. आणि आज सकाळी मागच्या भिंतीला ओल. परातीएवढी.

वर जाऊन बघितलं तेव्हा कळलं. गावातल्या घराची मागची भिंत सामाईक असते. तिच्या पलीकडचं पाणी शेजाऱ्यानं बघायचं. तेच अंगवळणी पडलेलं. छताला उतार दिला, पुढं पन्हाळ काढली, मागं चर खणायची आठवणच झाली नाही. ना मला, ना सटवाजीभाऊंना. इथं मागचा शेजारी टेकाड! त्यानं आपलं सगळं पाणी माझ्याकडे लावून दिलं.

केवळाबाई म्हणाली, "गोधडी अडकव. पुढं कणगी सरकव. पोरगं काय भिंत हुंगणार हाय?"

अडकवली.

२१ ऑगस्ट

गोधडी काढली. यांच्या धोतरांची आहे, ओलीनं बुरसली असती. हे एक कारण. दुसरं — शब्द दिला होता.

उद्या पोळा. सटवाजीभाऊ बैलांत गुंतलेत. चर राहिला.

२४ ऑगस्ट

आनंदराज काल दुपारी आला. पाणी प्यायच्या आधीच त्याला मागच्या भिंतीपाशी नेलं. त्यानं ओलीवर हात ठेवला. हात पुरला नाही.

"झाकली असतीस तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तर दाखवली."

"मग येतेस?"

"पिशवी भरून ठेवलीय."

तो हात धुऊन जेवायला बसला. भाकरी खाल्ली. बाहेर उमस, वीज गेलेली. झरोक्याखाली मोकळी जागा होती तिथंच सतरंजी टाकून आडवा झाला. दिवस कलेपर्यंत झोपला! केवळाबाई आपल्या उशीसाठी दारात आली आणि पाय न वाजवता परत गेली.

उठून कितीतरी वेळ छताकडे बघत राहिला. "बाबांना इथं आणता आलं असतं तर…" एवढंच. मग पिशवीकडे बघून — "चर खणला तर ओल वाळेल का?"

"वाळेल. पंधरवडा तरी जाईल."

शर्ट काढून खुंटीला लावला आणि कुदळ उचलली. बँकेत बसून हात मऊ झालेत, फोड आले. आज सकाळी सटवाजीभाऊ आले आणि दोघांनी चर पुरा केला. जाताना पिशवीतली माझी लुगडी त्यानंच परत दोरीवर टाकली.

राहिले! मी इथंच राहिले.

७ सप्टेंबर

भिंत वाळली. हात फिरवला की कोरडा मुरूम हाताला येतो.

९ सप्टेंबर

रूपालीचा फोन. सुनेचा आवाज इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. "आई, यांनी तुमच्या जवळच्या मुरुडच्या शाखेत बदली मागितलीय. तुमच्यापाशीच राहायचं म्हणतात. तुम्हाला विचारायला लाजतायत."

"या," म्हणाले. लगेच म्हणाले. फोन ठेवून दारात येऊन बसले. एका माणसापुरतंच खणलं होतं मी.