टेकू काढताना

मुनाफभाई, अस्सलामु अलैकुम.

खारघरच्या हॉलचा स्लॅब आताच कुठे भरलाय आणि अब्बा उद्या खालचे टेकू काढणार आहेत. मालकाला लग्नाची तारीख गाठायची आहे.

दादाजानने कर्नाळ्याकडे रस्त्याखालची पहिली मोरी बांधली, तेव्हापासूनची आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. टेकू निघताना घरातल्या एकाने खाली उभं राहायचं, म्हणजे मजूर घाबरत नाहीत. दादाजान राहिले, अब्बा राहिले, मग तुम्ही. त्यानंतर तुम्ही साइटवर आलाच नाहीत, सरळ कतार गाठलंत.

मी म्हटलं, "अब्बा, स्लॅब कच्चा आहे."

"दहावी सुटली नाही आणि मला स्लॅब शिकवतोस?"

"मग मी उभा राहणार नाही."

"नको राहूस. मी राहतो."

त्यांनी सफेद कुर्ता इस्त्री करून ठेवलाय. गुडघ्यांमुळे त्यांना पळता येत नाही. म्हणून उद्या मीच उभा राहीन.

हे पत्र मोबाइलवर पाठवलं तर तुम्ही लगेच फोन कराल, आणि अब्बा हट्टाने स्वतःच आत जातील. म्हणून पाठवत नाही. फक्त एवढंच विचारायचं होतं, भाई: तेव्हा तुम्ही मधोमध उभे होता की खांबाजवळ?

तुमचा धाकटा,
नोमान