ट्रेलर, त्याची पिन आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट पूर्ण, धंदा ताडपत्री आणि सीटकव्हर शिवणे, आज गुरुवारी सकाळी माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहायला घेते. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असेल तर गेल्या दोन महिन्यांत मी ट्रेलरच्या सात तारांची जोडणी दोनदा केली, आणि दुसऱ्या वेळी ती बरोबर आली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. अट मात्र एक आहे आणि ती माझ्या यजमानांची. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, आता मीही म्हणते.

ते म्हणाले, "तू बनवलेल्या ट्रेलरबरोबर तीन महिने फिरायचं ना, मग आधी मृत्युपत्र लिही. मी त्यानंतर गाडीत बसतो."

मी म्हटले, "तुम्ही माझ्या शेजारीच बसणार. झालंच काही तर दोघांचं होईल."

"माझं लिहून झालंय," ते म्हणाले. "दीड पान."

याआधी मी बाजारातल्या छापील कागदावर एक मृत्युपत्र केले होते. त्यात ट्रेलर नव्हता. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर मास्तरांच्या हयातीत त्यांच्याकडे राहील. त्यांच्यानंतर ते थोरली आणि धाकटी या माझ्या दोन मुलींना निम्मे-निम्मे जाईल. बँकेत जे उरले असेल तेही तसेच. अंमलबजावणी थोरलीने करावी, कारण ती कागद सांभाळते. "आई, या वयात ट्रेलर कसला बनवतेस, भाड्याची गाडी घे," असे ती मला चार वेळा म्हणाली, हे मी येथे नोंदवून ठेवते. राग नाही. नोंद आहे.

कलम २. जाड कापडाचे शिवणयंत्र माझ्या दुकानात चौदा वर्षे माझ्यासमोर बसून शिवणाऱ्या माझ्या जोडीदारणीला द्यावे. यंत्र डाव्या बाजूला जरा ओढते, ते तिला माहीत आहे. मोठी कात्रीही तिचीच. शेजारचा गादीवाला कात्री मागायला येईल, दोन मिनिटांत परत देतो म्हणेल. त्याला ती कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्याने एकदा त्या कात्रीने पत्रा कापला आणि वर मला विचारले, "ताई, हिला धार लावत नाही का तुम्ही?"

कलम ३. ट्रेलर. हे कलम लिहिताना माझे अक्षर मोठे होते आहे, त्याला इलाज नाही.

ट्रेलर साडेआठ फूट लांब, पाच फूट रुंद. सांगाडा लोखंडी चौकोनी नळीचा, तळ जाड प्लायवूडचा, छप्पर माझ्या हातच्या ताडपत्रीचे, दुहेरी शिवणीचे. बाजूचा दोर ओढला की छप्पर वर जाते आणि दोन माणसांची खोली तयार होते. ते पहिल्यांदा वर गेले तेव्हा मी अंगणात टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी आत जाऊन झोपून बघितले, तर पाय बाहेर. मग मी सांगाडा कापून सहा इंच वाढवला. मास्तरांनी चाळीस वर्षे भूगोल शिकवला. देशातली प्रत्येक नदी त्यांनी निळ्या खडूने फळ्यावर काढली, आणि प्रत्यक्षात पाहिल्या दोन. उरलेल्या बघायला हा ट्रेलर आहे.

तो धाकटीला मिळावा, कारण तिला गाडी मागे घेता येते. पण आजच्या घडीला, म्हणजे गुरुवारी, हा ट्रेलर कायद्याने रस्त्यावरचे वाहन नाही. तपासणीत तो दोनदा नापास झाला आहे.

पहिल्या वेळी डावा इंडिकेटर लावला की उजवा लुकलुकत होता. मी ट्रेलरखाली पाठीवर झोपून, डोके पुढच्या बाजूला करून तारा जोडल्या. खालून बघताना माझा डावा हात ट्रेलरच्या उजवीकडे होता, आणि हे मला सुचले नाही. मास्तर बाहेर खुर्चीवर बसून नियमांचे पुस्तक मोठ्याने वाचत होते. त्यांनाही सुचले नाही. तपासणीचे निरीक्षक तरुण आहेत, कमी बोलतात. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही डावीकडे वळणार आणि मागचा ट्रकवाला समजणार उजवीकडे. चूक एकच आहे, पण माणूस जायला तेवढी पुरते." मी वाद घातला नाही.

दुसऱ्या वेळी दिवे बरोबर होते. रिफ्लेक्टर, चाकांवरचे मडगार्ड, वजनाची पाटी, सगळे बरोबर. मग निरीक्षक खाली बसले आणि ट्रेलर ओढायच्या दांड्याच्या जोडावर त्यांनी टॉर्च मारली.

"हे वेल्डिंग कोणी केलं?"

"मी. शिकले आहे मी."

"दिसायला छान आहे. परवानाधारक वेल्डरचा दाखला आणा. आणि मावशी, तिसऱ्यांदा नापास झाला तर अर्ज रद्द होतो. मग हा अंगणातच ठेवायचा."

तिसरी तपासणी येत्या सोमवारी आहे. औद्योगिक वसाहतीतला एक वेल्डर मोबाइलवर फोटो बघून दाखला द्यायला तयार होता. मी फोन ठेवून दिला. न बघता सही करणाऱ्याच्या जोडावर मी मास्तरांना बसवणार नाही.

कलम ४. ट्रेलर वापरण्याच्या अटी. वजन चाकांच्या जरा पुढे ठेवावे, मागे ठेवले की ट्रेलर शेपटी हलवतो. मास्तरांची पुस्तके हे वजन आहे, ते काहीही म्हणोत. दांड्याचे टोक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवून, एकूण वजनाचा दहावा हिस्सा तिथे येतो का बघावे. निघण्याआधी दुसऱ्या माणसाला मागे उभे करून सगळे दिवे लावून दाखवावेत. आणि पिन घातल्यावर ती हाताने ओढून बघावी. नुसती डोळ्यांनी बघू नये. या अटी धाकटीने पाळल्या नाहीत तर ट्रेलर थोरलीला जाईल, आणि थोरली तो विकेल, हे धाकटीला पक्के ठाऊक आहे.

कलम ५. माझा थोरला भाऊ. वय चौऱ्याहत्तर, धंदा वेल्डर, परवाना चालू. मी त्याला दादा म्हणते, म्हणजे म्हणत होते. आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. त्याचे कारण मी येथे पहिल्यांदा खरे लिहिते.

दुकानाचा माल न्यायला त्याने मला एक छोटा ट्रेलर बनवून दिला होता. दवाखान्याच्या उतारावर तो माझ्या गाडीपासून सुटला, एकटाच खाली धावला आणि दवाखान्याची भिंत फोडून थांबला. त्या भिंतीलगतच्या बाकावरून दोन माणसे नुकतीच उठून आत गेली होती. कोणाला लागले नाही. लोक जमले. दांडा तुटलेला सगळ्यांना दिसत होता. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटले, "दादाचं वेल्डिंग तुटलं."

दांडा भिंतीवर आपटून तुटला होता. गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसते, आणि वाटी उचलून निघू नये म्हणून तिला एक आडवी पिन असते. घरी आल्यावर ती पिन मला माझ्या एप्रनच्या खिशात सापडली. मी ती घातलीच नव्हती.

हे मी कोणाला सांगितले नाही. त्यानंतर दादाकडे ट्रेलरचे काम कोणी नेले नाही. गावातले सगळ्यात चांगले ट्रेलर बनवणारा माणूस अकरा वर्षे खिडक्यांच्या जाळ्या बनवत राहिला.

तरी माझ्या मृत्यूनंतर हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आणि ती पिन दादाला द्यावी. ती शिवणयंत्राच्या खणात बॉबिनच्या डब्यात आहे.

शनिवारी केलेली भर. काल मास्तरांनी वरचे सगळे वाचले. कलम पाचवर ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

"म्हणजे तू मेल्यावर माफी मागणार."

"कायद्याने चालतं."

"कायद्याचं मी विचारलं नाही. तो चौऱ्याहत्तरचा, तू अडुसष्टची. तुझी तब्येत बघता हे ऐकायला तो उरायचा नाही."

मला राग आला. रागातच आज सकाळी मी डब्यातून पिन काढली, पर्समध्ये टाकली आणि दादाच्या दुकानात गेले. तो एक जाळी घासत होता. मला बघून त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"काय तुटलं?" तो म्हणाला.

"काही तुटलं नाही. दादा, पिन माझ्या खिशात होती."

त्याने यंत्र बंद केले. कोणती पिन, असे त्याने विचारले नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं मी. पिनेचं भोक गोल होतं, जसंच्या तसं. पिन असती तर ते फाटलं असतं."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?"

तो हातमोजे काढत राहिला. मग म्हणाला, "ट्रेलर गाडीला धरून ठेवणाऱ्या साखळ्या मी लावल्या नव्हत्या. तू दोनदा म्हणालीस, दादा, साखळ्या लाव. मी म्हटलं, माझ्या जोडाला साखळ्या कशाला. तू पिन विसरलीस तरी साखळ्यांनी धरला असता. मी काय तोंड घेऊन बोलणार होतो? वाटलं, ती येईल."

"मला वाटलं, तू येशील."

"आलीस की. अकरा वर्षं लागली. वाटेत गर्दी होती वाटतं."

पिन मला तेव्हा काढता आली नाही. पर्समध्ये हात घातला आणि रुमाल काढला.

दुपारी तो आमच्या अंगणात आला. माझे वेल्डिंग त्याने हातोडीने ठोकले, कान लावून ऐकले.

"तू केलंस?"

"हो."

"कळतंय. वर साय, खाली पाणी."

मास्तर हसले. मी हसले नाही, पण नंतर हसले. दादाने माझा जोड सगळा घासून काढला, पुन्हा नव्याने केला, आणि थंड झाल्यावर दांड्याखाली दोन साखळ्या लावल्या. त्या सरळ न नेता एकमेकींवरून आडव्या टाकल्या. "अशा टाकायच्या," तो म्हणाला. "वाटी सुटलीच तर दांडा या झोळीत पडतो. रस्त्यात रुतत नाही." मग त्याने दाखल्यावर सही केली. त्याचे अक्षर अजून शाळेतल्यासारखे उजवीकडे कलते.

सोमवारची भर. हे मी तपासणी केंद्राच्या मागच्या आवारात, बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडे आले तर ते आनंदाचे समजावे, वयाचे नव्हे.

ट्रेलर पास झाला. निरीक्षकांनी डावा लावायला सांगितला, डावा लागला. उजवा लावला, उजवा लागला. ब्रेकचे दोन्ही दिवे लागले. मास्तर मागे उभे राहून प्रत्येक दिव्याला "बरोबर" म्हणत होते, वर्गात म्हणायचे तसे. निरीक्षक दांड्याखाली बसले, टॉर्च मारली आणि म्हणाले, "हे कोणी केलं?" मी म्हटले, "माझ्या भावाने." तो भाऊ शेजारीच उभा होता आणि आभाळाकडे बघत होता. निरीक्षक म्हणाले, "माझ्याकडे आठवड्याला चार घरगुती ट्रेलर येतात. तुमचा पत्ता देऊन ठेवा." दादाने पत्ता तीनदा सांगितला. शिक्का वाळेपर्यंत मी कागदावर फुंकर घालत होते.

सामान गाडीत भरलेले आहे. येथूनच निघायचे. राहिल्या होत्या फक्त या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या. निरीक्षकांची जेवणाची सुट्टी झाली होती, ते तयार झाले. मला दोनदा नापास करणारा माणूस साक्षीला चांगला. दुसरा दादा. त्याने पेन हातात घेतले, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांब. तुला सही करता येणार नाही. कलम पाचमध्ये तुझ्या नावावर वस्तू आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं माझ्या मृत्युपत्राच्या वेळी वकिलीणबाईंनी सांगितलंय."

"मग खोड मला," दादा म्हणाला.

"खोडणार नाही," मी म्हटले. "ती तुझी आहे."

"मग आत्ता दे."

ती पर्समध्येच होती. मी दिली. त्याने तळहातावर घेऊन उलटसुलट केली, शर्टाला पुसली, टोके बघितली. मग ट्रेलरपाशी गेला, वाटीतली नवी पिन काढली आणि ही जुनी घातली. बसली. दोनदा हाताने ओढून बघितली. निरीक्षकांनीही वाकून ओढून बघितली आणि मान डोलावली. नवी पिन दादाने आपल्या खिशात टाकली. "ही माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "परत येशील तेव्हा बघू."

सबब कलम पाचमधली देणगी रद्द. वस्तू हयातीतच हातोहात दिली. त्या कलमातली कबुली मात्र रद्द नाही. ती माझ्यामागे सर्वांसमोर वाचायचीच. जुनी पिन आता ट्रेलरचा भाग आहे आणि कलम तीनप्रमाणे ट्रेलरबरोबर जाईल. धाकटीने ती हाताने ओढून बघावी.

वरील सर्व मजकूर आणि त्यातली खाडाखोड माझीच आहे. मास्तर गाडीत बसले आहेत, नकाशा उघडून.

लिहून ठेवणार: (सही) ताडपत्रीवाली

आमच्यासमक्ष सही झाली. या मृत्युपत्रात आम्हांला काहीही मिळत नाही:

साक्षीदार १: (सही) सख्खा भाऊ, वेल्डर, ट्रेलरची कामे घेतो
साक्षीदार २: (सही) वाहन निरीक्षक, जेवणाच्या सुट्टीत

ठिकाण: तपासणी केंद्राचे मागचे आवार, बाहेर जायच्या फाटकाजवळ
दिनांक: महिन्याचा दुसरा सोमवार, दुपारी सव्वा वाजता