बाईंच्या लेखातली चूक

ती. ताईस, आपल्या घरच्या शेंडेफळाचा नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेकदा. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

एक सांगते, पण आधी घाबरू नकोस. खोल विहिरींचं पाणी जास्त खारट असतं, असं मी प्रबंधात लिहिलं होतं. ते घेतलं होतं आमच्या मार्गदर्शक बाईंच्या गाजलेल्या लेखातून. बाईंनी तिथे एका जुन्या पुस्तकाचा दाखला दिलाय. म्हणून ते पुस्तक ग्रंथालयातून काढलं, तर त्यात असं काही नाहीच! तीनदा चाळलं. दोन दिवस त्यांना सांगायचं टाळलं. प्रबंधावर सही त्यांचीच लागते ना.

शेवटी पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाई, मला सापडत नाहीये. माझंच चुकत असेल."

त्यांनी चष्मा लावून पानन् पान पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझं नाही, माझं चुकलंय. मी हे पुस्तक उघडलंच नव्हतं. दुसऱ्याच्या लेखातून दाखला उचलला होता."

माझ्यासमोरच त्यांनी संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि चूक दाखवणारी म्हणून त्यात माझं नाव घातलं.

"माझं नाव कशाला, बाई?"

"कोणाकडून काय मिळालं ते सांगायचं, हेच तर तुला शिकवतेय ना?"

ताई, हे बाहेर बोलू नकोस, असं लिहिणार होते. पण बाईंनी स्वतःच छापायला पाठवलंय. तेव्हा खुशाल सांग सगळ्यांना.

तुझीच,
धाकटी